हवे, पाहिजे आणि तेंगो के

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात कोणत्याही मराठी घराच्या दाराशी उभे राहून नुसते कान द्यावे. 'माळा झाडायला हवा', 'अनारशांचे तांदूळ भिजत घातले पाहिजेत', 'भाऊबिजेला ठाण्याला जावं लागेल', 'आकाशकंदिलाची वायर बदलायची आहे'. हवा, पाहिजे, लागेल आणि आहे, या चार खांबांवर सारा सण उभा असतो. पण मौज अशी, की या चारही वाक्यांत माळा झाडणारा, तांदूळ भिजवणारा आणि वायर बदलणारा कोण, याचा पत्ताच नाही. काम आहे, निकड आहे, मात्र माणूस गैरहजर! तरी संध्याकाळी पाहावे तो माळा झाडलेला असतो आणि तांदूळ भिजलेले असतात. तो गैरहजर माणूस कोण, हे घरात सर्वांना ठाऊक असते. फक्त वाक्यात त्याचे नाव घ्यायची पद्धत नसते.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, की शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर मी स्पॅनिश भाषेच्या नादी लागले आहे. निमित्त माझ्या भाचीचे. ताईची ही लेक स्पेनमधल्या वालेन्सिया शहरी नांदते आहे. तिच्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही आणि आमच्या ताईला स्पॅनिश येत नाही. दोन विहिणींच्या मध्ये कोणी तरी दुभाषी हवा, म्हणून मी वही-पेन्सिल घेऊन वर्गात जाऊन बसले. पुढे दुभाषेपण राहिले बाजूला आणि भाषेचीच गोडी लागली. वीस देशांची ही राजभाषा. तिच्यात 'करायला हवे' हे सांगण्याच्या किती तऱ्हा आहेत, त्या आज सांगते. आपल्या घरातल्या वाक्यांकडे त्यामुळे जरा निराळ्या नजरेने पाहता येते, असा माझा अनुभव आहे.

वर्गात सर्वांत आधी शिकवतात ते 'तेनेर के'. 'तेनेर' म्हणजे जवळ असणे, बाळगणे. लॅटिन भाषेत या धातूचा अर्थ हातात धरणे असा होता. 'तेंगो उन लिब्रो' म्हणजे माझ्याजवळ पुस्तक आहे. आणि 'तेंगो के ईर' म्हणजे मला गेले पाहिजे. शब्दशः पाहिले तर 'जाणे' ही वस्तू मी हातात धरून उभी आहे! आपल्याकडे नेमके उलटे. आपण 'मला जावे लागते' म्हणतो. तिथे मी कर्ता नाहीच. जाणे कुठून तरी येते आणि मला लागते. जसा पाऊस लागतो, ठेच लागते, दृष्ट लागते. मराठीत कर्तव्य माणसावर येऊन पडते. स्पॅनिशमध्ये माणूस ते हातात धरतो. ओझे तेवढेच, पण एकात ते पाठीवर आहे आणि दुसऱ्यात मुठीत.

'तेनेर के' बहुधा परिस्थितीची सक्ती सांगते. गाडी सुटेल, तेंगो के ईर. डॉक्टरांनी सांगितले आहे, गोळी घेतली पाहिजे, तेंगो के. यात मनाचा प्रश्न येत नाही. मन जिथे येते, तिथे स्पॅनिश माणूस दुसरे क्रियापद काढतो, 'देबेर'. हे क्रियापद मला फार आवडते. कारण त्याचा पहिला अर्थ कर्जाचा आहे. 'ते देबो सिएन एउरोस' म्हणजे मी तुझे शंभर युरो देणे लागते. आणि 'देबो एस्तुदियार' म्हणजे मी अभ्यास केला पाहिजे. लॅटिनमधल्या मूळ शब्दाची फोड केली तर 'दुसऱ्याकडून घेऊन आपल्याजवळ असणे' अशी होते. जे आपल्याजवळ आहे ते मुळात दुसऱ्याचे आहे, म्हणून ते परत करायचे, हेच कर्तव्य. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना यात परके काय वाटावे? आणि पाहा, आपल्या 'देणे लागतो'मधला 'लागणे' तोच, जो 'जावे लागते'मध्ये आहे. कर्ज आणि कर्तव्य यांची सोयरीक दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने जुळवली.

याच 'देबेर'चे अनेकवचन 'लोस देबेरेस'. स्पेनमध्ये त्याचा रोजचा अर्थ काय असेल? गृहपाठ! सहा वर्षांचे पोर शाळेतून येते ते दप्तरात 'कर्तव्ये' घेऊन. मेक्सिकोत मात्र गृहपाठाला 'तारेआ' म्हणतात. तो शब्द स्पेनमध्ये शतकानुशतके नांदलेल्या अरबीतून आलेला. पोरांच्या या कर्तव्यांचा भार स्पेनमधल्या आईबापांना इतका जड झाला, की सरकारी शाळांतल्या पालकसंघांच्या महासंघाने नोव्हेंबर २०१६ मध्ये शनिवार-रविवारच्या गृहपाठाविरुद्ध चक्क संप पुकारला. आमच्या वर्गातल्या दोन तरुण आयांनी हे ऐकून आपल्या मुलांच्या वह्यांची आठवण काढून सुस्कारा टाकला, तो मी ऐकला.

तिथल्या राज्यघटनेतही हा शब्द ठसठशीतपणे बसला आहे. १९७८ च्या त्या घटनेच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे, की कास्तीलियन, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती भाषा जाणणे हा सर्व स्पेनवासीयांचा 'देबेर' आहे आणि ती वापरणे हा त्यांचा हक्क आहे. जाणण्याचे कर्तव्य आणि वापरण्याचा हक्क. एका वाक्यात दोन पारडी कशी तोलली आहेत!

'देबेर'च्या पुढे एक चिमुकला 'दे' लावला, की सक्ती जाते आणि अंदाज येतो. 'देबेन दे सेर लास दिएस' म्हणजे दहा वाजले असावेत. १७१३ साली स्थापन झालेली स्पॅनिश भाषेची राजकीय अकादमी हा भेद पाळण्याचा सल्ला देते: कर्तव्य सांगताना 'दे' नको. लोक बोलताना गल्लत करतात ती करतातच. पण आपणही 'दहा वाजले असले पाहिजेत' म्हणतो, तेव्हा दहा वाजण्याची सक्ती घड्याळावर थोडीच करतो? निकडीचा शब्द अंदाजाला उसना देण्याची सवय जगभरची दिसते.

आता तिसरी तऱ्हा, आणि या लेखाचा सारा जीव तिच्यात आहे. 'आय के'. यातला 'आय' म्हणजे नुसते 'आहे'. 'आय के फ्रेगार लोस प्लातोस' म्हणजे भांडी घासायला हवीत. या क्रियापदाला कर्ता नसतो. मी नाही, तू नाही, ते नाहीत. कर्ता लावायचा म्हटले तरी व्याकरण लावू देत नाही. सभेत, वर्तमानपत्रात, सरकारी भाषणात 'आय के' फार सोयीचे. शिक्षण सुधारायला हवे, रस्ते रुंद व्हायला हवेत, कोणी तरी काही तरी करायला हवे. आपले 'पाहिजे' याच गोत्रातले. जुन्या मराठीतले ते 'पाहणे'चे कर्मणी रूप. म्हणजे मुळात 'पाहिले जाते', शोधले जाते. कोणाकडून, हे तिथेही अध्याहृतच!

सभेतले 'आय के' एक वेळ चालते. पण घरातले? जेवणे झाल्यावर 'भांडी घासायला हवीत' असे पाच जणांच्या देखत म्हटले, तर ते वाक्य हवेत तरंगत राहत नाही. ते फिरत फिरत नेमके एकाच माणसाच्या खांद्यावर उतरते. व्याकरणाने मोकळी ठेवलेली कर्त्याची जागा रिवाज भरून काढतो.

स्पेनमध्येही रिवाज होताच. तो मोडायला कायद्याने कोणते क्रियापद वापरले, ते सांगण्याजोगे आहे. तिथल्या दिवाणी संहितेत पतिपत्नींच्या कर्तव्यांचे अडुसष्टावे कलम आहे. एकत्र राहणे, एकनिष्ठ असणे, एकमेकांना साहाय्य करणे एवढे त्यात पूर्वी होते. २००५ सालच्या कायद्याने त्यात भर घातली, की दोघांनी घरातल्या जबाबदाऱ्या आणि वडीलधाऱ्यांची, मुलाबाळांची आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांची देखभाल वाटून घ्यावी. तिथे शब्द आहे 'देबेरान'. म्हणजे 'देबेर'चा भविष्यकाळ, अनेकवचन. कर्ता स्पष्ट, ते दोघे. तिथे नोंदणी विवाह लागतो तेव्हा सहासष्ट, सदुसष्ट आणि अडुसष्ट ही कलमे वधूवरांना मोठ्याने वाचून दाखवतात. आपल्या सप्तपदीच्या जागी हे वाचन म्हणा ना! भांडी घासण्याचा विषय लग्नाच्या मुहूर्तावर निघतो, याचे मला आधी हसू आले आणि मग वाटले, याहून योग्य मुहूर्त तो कोणता?

भविष्यकाळ का, असे कोणी विचारील. तर स्पॅनिश भविष्यकाळ हा मुळात कर्तव्यातूनच जन्मला आहे. 'कान्तार' म्हणजे गाणे. पूर्वी त्याच्यापुढे 'माझ्याकडे आहे' या अर्थाचा 'ए' जोडत: कान्तार ए, म्हणजे 'मला गायचे आहे'. बोलता बोलता दोन शब्द चिकटले आणि 'कान्तारे' झाले: 'मी गाईन'. 'तू गाशील'चे कान्तारास, 'तो गाईल'चे कान्तारा. स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण आंतोनिओ दे नेब्रिहा या पंडिताने १४९२ मध्ये, म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी, प्रसिद्ध केले. त्यात त्याने हा जोड ओळखून दाखवला आहे. ज्याचे आज करणे आहे, तेच उद्या घडणार. म्हणून कर्तव्याचा भविष्यकाळ झाला. आणि चक्र पुरे होऊन तोच भविष्यकाळ पुन्हा आज्ञेच्या कामी आला. स्पॅनिश बायबलातल्या दहा आज्ञांत क्रियापदे बहुतेक भविष्यकाळीच आहेत. आपली आईसुद्धा 'आता गप गुमान अभ्यासाला बसशील' म्हणते, तेव्हा ती भविष्य थोडेच वर्तवीत असते!

कायदा झाला, पण घराघरांतली खरी वाटणी करते ते आणखी एक साधे क्रियापद, 'तोकार'. त्याचा अर्थ स्पर्श करणे. 'मे तोका' म्हणजे माझी पाळी. पत्त्यांच्या डावात, रांगेत आणि मोरीपाशीही हेच. हे मी पुस्तकात वाचले होते, पण कळले ते तीन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला. भाचीच्या सासूबाई पंधरा दिवसांसाठी दादरला ताईकडे आल्या होत्या. अकरा पाने उठली. श्रीखंडाने सर्वांचे डोळे जड झालेले. विहीणबाई आपले ताट घेऊन मोरीपाशी गेल्या आणि मागे वळून हसतमुखाने म्हणाल्या, "आ किएन ले तोका?"

"काय म्हणतात?" ताईने विचारले.

"पाळी कोणाची, असं विचारताहेत," मी म्हटले.

क्षणभर कोणीच काही बोलले नाही. भाऊसाहेबांनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. ताई घाईघाईने उठली, "अगबाई, पाळी कसली त्यात! मीच करते की नेहमी." मी ते भाषांतर केले. विहीणबाईंनी मान डोलावली, 'नेहमी' हा शब्द एकदा आपल्या भाषेत पुटपुटला आणि भांडी पुसायचे फडके अगदी अदबीने भाऊसाहेबांच्या हातात दिले. पाहुण्याबाईंना नाही कसे म्हणायचे? त्या दिवशी भाऊसाहेबांनी अकरा ताटे पुसली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "चाळीस वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं हो." त्यात तक्रार होती, सबब होती की खंत होती, ते मी आजही सांगू शकत नाही. मात्र ते खरे होते. त्या घरात 'भांडी घासायला हवीत' हे वाक्य हजारो वेळा उच्चारले गेले होते, 'कोणी?' हा प्रश्न एकदाही नाही.

आता शेवटची तऱ्हा, आणि ती सर्वांत मऊ. 'आसेर फाल्ता'. 'फाल्ता' म्हणजे उणीव, कमतरता. 'आसे फाल्ता साल' म्हणजे मीठ हवे. जे उणे आहे, तेच हवे आहे. आणि इथे स्पॅनिश भाषा आपल्या 'मला'जवळ येऊन बसते: 'मे आसे फाल्ता', मला हवे आहे. माणसाबद्दलही हे म्हणता येते. 'मे आसेस फाल्ता', मला तू हवी आहेस. मेक्सिकोत, कोलंबियात तर त्याचा अर्थ 'तुझ्यावाचून चुकल्यासारखे होते' असाच घेतात.

म्हणजे पाहा, स्पॅनिशमध्ये 'तू मला हवीस' याला एक क्रियापद आणि 'तू यायला हवीस' याला दुसरे. आपल्याकडे दोहोंना एकच 'हवे'. ओढ आणि सक्ती एकाच शब्दाच्या ओसरीवर राहतात. त्यामुळे कधी कधी दारावर कोण उभे आहे, हेच कळत नाही.

नकार आला, की हा घोळ आणखी वाढतो. 'नो देबेस बेनिर' म्हणजे तू येता कामा नये. 'नो तिएनेस के बेनिर' याचे दोन अर्थ होतात: यायची गरज नाही, किंवा येऊ नकोस. ऐकणाऱ्याने सुरावरून ओळखावे. पण तिसरे एक रूप आहे, ज्याला दुसरा अर्थच नाही. 'नो तिएनेस पोर के बेनिर'. म्हणजे, तू यावेस असे कोणतेही कारण तुझ्यावर नाही. तू मोकळी आहेस. बंधन घालण्याची साधने सर्वच भाषांत असतात. बंधन सोडवून देणारे इतके निःसंदिग्ध वाक्य मिळणे भाग्याचे.

याची किंमत मला मागल्या वर्षी कळली. ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. भाचीचे बाळ तेव्हा चार महिन्यांचे. तिने फोनवर आईला विचारले, "आई, मी यायला हवं का?" ताई म्हणाली, "यायलाच हवं असं काही नाही." झाले! रात्री भाचीचा मला फोन. आवाज रडवेला. "मावशी, आईच्या बोलण्याचा अर्थ काय घेऊ? नको म्हणतेय, की रागावलीय? 'यायलाच'मधला 'च' मला दिवसभर टोचतोय गं."

दुसऱ्या दिवशी मी दादर गाठले. ताईला सरळ विचारले, "तुला ती यायला हवी आहे, की ती तुला हवी आहे?" ताई माझ्याकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "हवी आहे गं. रोज हवी असते. पण एवढंसं पोर घेऊन तिनं धावत यायला हवं, असं मला अजिबात वाटत नाही. हे तिला कसं सांगायचं? हवी आहेस म्हटलं, तर निघून येईल. नको म्हटलं, तर मनाला लावून घेईल."

मी तिला एक स्पॅनिश वाक्य देवनागरीत कागदावर लिहून दिले. ताईने ते चारदा घोकले आणि स्वतः फोन लावून लेकीला, जावयाला आणि विहीणबाईंना एकदमच ऐकवले: "मे आसेस फाल्ता, पेरो नो तिएनेस पोर के बेनिर." तू मला हवी आहेस, पण तू यावंस असं बंधन तुझ्यावर नाही. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग विहीणबाईंचा आवाज आला आणि त्यांनी ताईच्या उच्चाराचे तोंडभरून कौतुक केले. भाची आली नाही. शस्त्रक्रिया नीट पार पडली. आणि दवाखान्यातल्या आठ दिवसांत ताईच्या तोंडून 'लेक आली नाही' असे एकदाही निघाले नाही. मेमध्ये बाळाला घेऊन भाची महिनाभर राहून गेली, तेव्हा घरात कोणाचे कोणावर काही देणे नव्हते.

मराठीत हे सांगता येत नाही असे मुळीच नाही. ताईने मला जे सांगितले ते मराठीतच, आणि किती नेमके! परकी भाषा एवढेच करते, की सवयीने एकात एक मिसळलेले शब्द सोडवून वेगळे ठेवते. मग आपण आपल्या भाषेत पुन्हा पाहतो आणि तिथेही ते वेगळे करता येतात, असे आढळते. जे गाडीच्या वेळेपायी करायचे ते 'लागते'. जे कोणाचे देणे म्हणून करायचे ते कर्तव्य. ज्यात कोणाचे नाव नाही, त्यात नाव घालायचे. आणि ज्याची ओढ आहे, त्याला 'तू मला हवास' असे सरळ सांगायचे. 'यायला हवंस' म्हणून त्याच्यावर समन्स बजावायचे नाही.

दिवाळीचा अंक हाती घेऊन आपण निवांत बसला असाल, तर आतून एखादे 'करायला हवं' ऐकू येतच असेल. उठून नुसते एवढे विचारावे: पाळी कोणाची? आणि उत्तराची वाट न पाहता फडके हाती घ्यावे.